सोमवारचा कागद

९ जुलै

ती. दादास,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून भुवया वर करू नकोस. फोनवर तू "बरं चाललंय" एवढं म्हणतोस आणि लगेच वहिनीच्या हातात देतोस. पत्र तसं देता येणार नाही, कारण आत तुझ्यासाठी काम आहे.

आपल्या शहरात एक जूनपासून रविवारी दारूची दुकानं बंद आहेत, हे तुला मी सांगायला नको. प्रयोग तीन महिन्यांचा आहे. ऑगस्टच्या शेवटी समिती बसेल आणि ठरवेल, बंदी कायम ठेवायची की उठवायची. त्या समितीला टिपण कुणी द्यायचं, तर मृत्यूचे दाखले मोजणाऱ्या तुझ्या बहिणीने. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतः रजेवर गेले.

माझं काम तुला माहीत आहेच. डॉक्टर दाखल्यावर लिहितात "हृदय बंद पडले", आणि मी तो दाखला परत पाठवते. अहो, हृदय बंद न पडता आजवर कुणी गेलंय का? ते का बंद पडलं, ते लिहा! निम्मा दिवस या भांडणात जातो. पण दोन वर्षांचे दाखले वारानुसार लावून पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. आपल्या शहरात एरवी दिवसाला सहा माणसं जातात, सोमवारी नऊ. रविवारची दारू सोमवारी घेऊन जाते, असं माझं म्हणणं आहे. दुकानं बंद झाल्यापासूनच्या सहा सोमवारांत हे नऊ सातावर आले आहेत.

साहेब जाता जाता म्हणाले, "कशावरून दारू? हवाही असेल. कारखान्याचा धूर यंदा कमी झाला असेल." आता हवेचं कुणाला विचारायचं? तुमचं हवा मोजणारं मुख्य कार्यालय महिन्याची सरासरी देतं, मला रोजचे आकडे हवेत. आणि शाळेच्या गच्चीवर रोज सकाळी आठला धुळीचा कागद बदलणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे. तेव्हा धूळमास्तर, दोन वर्षांचे रोजचे आकडे उतरवून पाठवा.

घड्याळजींच्या दुकानात आता कोण बसतं? फेब्रुवारीत त्यांचा दाखला माझ्याच हातून गेला. कारणाच्या जागी "दमा" लिहिलं होतं. ज्यांनी आपल्या दोघांना घड्याळ वाचायला शिकवलं त्यांची ओळ मी नोंदवली आणि मग बराच वेळ दुसरा दाखला घेतला नाही. ते गेले तो सोमवारच होता.

तुझी,
मोजणीबाई

*

१७ जुलै

चि. मोजणीबाईस,

आशीर्वाद. सोबत आकडे आहेत. दोन वर्षं दीड महिना, सगळे हाताने उतरवले. बोटं दुखली, त्याचा दाखला पाठवू का?

तुला आकडा म्हणजे कागदावरचं चिन्ह वाटतं, म्हणून सांगतो. पांढरा गोल कागद आधी काट्यावर तोलायचा. मग त्र्याहत्तर पायऱ्या चढून तो पंपाच्या तोंडाशी लावायचा. पंप चोवीस तास हवा ओढतो. दुसऱ्या दिवशी आठला तो काढायचा, नवा लावायचा, आणि जुना खाली आणून पुन्हा तोलायचा. जितकं वजन वाढलं तितकी धूळ. रविवारी सकाळी लावलेला कागद सोमवारी सकाळी निघतो, त्याला रविवारचा म्हणायचं. प्रत्येकाला वेगळं पाकीट, त्यावर तारीख. शंभरच्या वर आकडा गेला की कारखान्याला नोटीस जाते. दोन वर्षांत एकदाही गेली नव्हती.

घड्याळजींचं दुकान बंदच आहे. त्यांच्या मुलीने आतली घड्याळं तशीच ठेवली आहेत. मी रोज तिथूनच जातो, पण बघत नाही.

तुझं ते दारूचं टिपण लिही म्हणा, पण फार मनावर घेऊ नकोस. लोक प्यायचे ते पिणारच. समित्या येतात आणि जातात.

दादा

*

२४ जुलै

ती. दादास,

आकडे मिळाले. हस्ताक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग. पण कुठेतरी पाणी मुरतंय.

मे अखेरपर्यंत तुझे सोमवार बघ: ८५, ८३, ८७, ८६. किती शिस्तीत! जूनपासूनचे सोमवार: १३१, १२८, १३४, १२९. म्हणजे दारूची दुकानं बंद झाली आणि सोमवारची हवा दीडपटीने घाण झाली? समितीत दुकानदारांचा माणूस बसणार आहे, तो हे बघून टाळ्या वाजवेल. म्हणेल, "बाई, घाण हवेत माणसं कमी मरतात असं म्हणायचंय का तुम्हाला?" माझं सगळं टिपण तिथेच आडवं होईल, आणि एक सप्टेंबरपासून दुकानं रविवारी उघडतील.

मला वाटतं तुझ्या यंत्राचं काहीतरी बिघडलंय. पंप तपासून घे. किंवा कारखानेवाल्यांनी जूनमध्ये नवं काही सुरू केलंय. किंवा (रागावू नकोस) कागद बदलताना तुझाच हात चुकतोय. आधी किती नीट करत होतास! माझं ऐक, चश्म्याचा नंबर तपास.

आणखी एक. नोंदवहीत "शेरा" असा रकाना आहे ना? पाऊस, वीज गेली, उशीर झाला, असं लिहायला? तू उतरवलेल्यात तो दोन वर्षं कोरा आहे. इतकी सुरळीत कचेरी मी जन्मात पाहिली नाही.

लवकर लिही. मला झोप नाही, जेवणावर लक्ष नाही. ट्रेमधले दाखले हाताला चिकटतात असं वाटतं.

मोजणीबाई

*

३० जुलै

चि. मोजणीबाईस,

यंत्र ठीक आहे. चश्माही ठीक आहे. वाऱ्याची दिशा बदलली असेल. हवा म्हणजे काही तुझ्या दाखल्यांची थप्पी नाही, ती कुणाचं ऐकत नाही. सोमवार सोडून दे, बाकीच्या वारांवर लिही. आमच्या कार्यालयात दोन वर्षांत कुणी हे आकडे उघडून पाहिले नाहीत आणि तू एकाच संध्याकाळी माझ्या चश्म्यापर्यंत पोचलीस.

काम फार आहे. पत्र वहिनीकडे टाकायला देतो.

दादा

(याच पाकिटात, धुलाईच्या पावतीच्या पाठीवर)

वन्सं, तुमच्या दादांनी पाकीट चिकटवलं नव्हतं म्हणून दोन ओळी. तुमच्या पत्रातलं सोमवारचं त्यांनी जेवताना वाचून दाखवलं, हसत होते, पण पान तसंच टाकून उठले. मला आकड्यांतलं कळत नाही. इस्पितळाच्या धुलाईत मात्र चौदा वर्षं काढली आहेत. सोमवारी दोरीवर टाकलेल्या चादरी आम्ही दोनदा धुतो. यंदाच नाही, पहिल्यापासून. रविवारी कारखाना थंड असतो आणि सोमवारी भट्ट्या नव्याने पेटवतात, तेव्हा काळे कण येतात. रविवारच्या चादरी पांढऱ्या निघतात.

आणि बरं वाटतं म्हणून सांगते. जूनपासून सोमवारी हे साडेसातला अंघोळ करून बाहेर पडतात. मी डबा देते.

*

६ ऑगस्ट

दादा,

वहिनीची पावती मी चार वेळा वाचली आणि मग तुझे आकडे पुन्हा काढले.

रविवारी कारखाना बंद असतो. मग मेपर्यंतचा तुझा जवळजवळ प्रत्येक रविवार चौऱ्याऐंशी, शहाऐंशी कसा? जूनपासून रविवार चाळीस-बेचाळीस आहे, तो खरा वाटतो. आणि आधीच्या दोन वर्षांत बहुतेक आठवड्यांत रविवार आणि सोमवार यांच्यात तीनपेक्षा जास्त फरक नाही. हवा असं वागत नाही. असं माणूस वागतो.

तू सोमवारी वर चढतच नव्हतास. रविवारचा कागद मंगळवारपर्यंत तसाच राहायचा. दोन दिवसांची धूळ तोलून तू तिचे दोन तुकडे करायचास, एक रविवारला आणि एक सोमवारला. कुणाला कळू नये म्हणून एकदोन इकडे तिकडे करायचास. आणि जूनपासून चढतोस, कारण रविवारी दुकान बंद आहे.

मला ठाऊक होतं तू रविवारी घेतोस. "थोडी" म्हणायचास, आणि मी थोडी धरून चालले होते. दिवसभर लोकांच्या यकृताचे दाखले हाताळते मी, दादा! डॉक्टरांना पत्र पाठवते की खरं कारण लिहा. आणि माझ्या घरचं मला पावतीच्या पाठीवरून कळतं.

शंभरच्या वर गेलं की नोटीस जाते, असं तूच लिहिलंस. दोन वर्षं सोमवारचा धूर एकशेतीस होता आणि तुझ्या वहीत पंच्याऐंशी. एकही नोटीस गेली नाही. भट्ट्या पेटवताना काय होतं ते कुणी बघायला गेलं नाही. घड्याळजी सोमवारी गेले. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

मी आणखी काही लिहिणार होते. ते खोडलं आहे.

*

१६ ऑगस्ट

दादा,

दहा दिवस झाले. फोन केला तर वहिनी म्हणते, "ते गच्चीवर आहेत." संध्याकाळी सातला गच्चीवर काय करतोस?

मी जास्त बोलले. जे बोलले ते खरं आहे, पण जास्त बोलले.

ऐक. मी विचार केलाय. टिपण बावीस तारखेला द्यायचं आहे. मी मेपर्यंतचे सगळे रविवार-सोमवार वगळते आणि खाली तळटीप टाकते: "यंत्र नादुरुस्त." कुणी विचारणार नाही. टिपण थोडं लंगडं होईल, पण उभं राहील. तुझी नोकरी राहील. साहेब रजेवरून आले आहेत, त्यांना फक्त कागद वेळेवर हवा आहे.

लहानपणी तू मला जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावायचास आणि मी चुकले की आपण पुन्हा खालून सुरू करायचो. आता मी तुझ्यासाठी चुकीचं मोजायला तयार आहे. एवढंच सांग, रविवारी दुकानं उघडली तर तू काय करशील? मला त्याचीच धास्ती आहे. बाकी समिती आणि टिपण गेलं खड्ड्यात.

हो किंवा नाही, एक ओळ तरी लिही.

*

१८ ऑगस्ट

मोजणीबाई,

नाही. यंत्रावर ढकलू नकोस. बिचारं दोन वर्षांत एक मिनिट बंद पडलेलं नाही. नादुरुस्त मी होतो.

दहा दिवस पाकिटं काढत होतो. जुने कागद आम्ही पाच वर्षं ठेवतो, जिन्याखालच्या कपाटात. जे कागद दोन दिवस लागले होते ते उजेडात धरले की ओळखू येतात, मधोमध जवळपास काळे. आणि त्या आठवड्यांत सोमवारचं पाकीट असतं, पण त्यात कोरा कागद आहे. तेही मीच घातले होते, पाकिटांची संख्या बरोबर यावी म्हणून. मोजले. एकशेचार सोमवारांपैकी एक्क्याऐंशी. उरलेल्या तेवीसांत आणि जूनपासून आकडा शंभरच्या वर होता, पण कचेरीत तो कुणी उघडून पाहिला नाही. सुरुवातीला एखादा होता. पहिल्यांदा डोकं दुखत होतं, पायऱ्या चढवेनात, म्हटलं उद्या एकदम काढू. उद्या काढला आणि कुणी काही म्हटलं नाही. मग तेच चालू राहिलं.

एक लक्षात घे. कागद खोटं बोललेला नाही. अठ्ठेचाळीस तासांची धूळ त्यात खरी आहे, खोटा फक्त माझा भागाकार. तेव्हा रविवार-सोमवार वेगळे दाखवू नकोस, दोघांची बेरीज घे. मेपर्यंत एकशे सत्तर, जूननंतरही एकशे सत्तर. हवा होती तशीच आहे. दुकानं बंद झाली आणि माणसं कमी मेली. तुझं टिपण लंगडं नाही. पण बेरीज का घेतली ते तुला लिहावं लागेल, आणि ते मी आधीच लिहून दिलंय. शनिवारी कार्यालयात अर्ज दिला: तारखा, पाकिटांचे क्रमांक, आणि कारण. आमचे साहेब दोनदा वाचून म्हणाले, "अहो, हे असं कुणी लिहून देतं का?" एक नक्कल सोबत आहे. टिपणाला जोड.

घड्याळजींच्या तारखेचं पाकीटही काढलं. त्यात कोरा कागद आहे. ते मी तुला पाठवणार नाही. ते माझ्याकडे राहू दे.

तू विचारलंस, दुकानं उघडली तर काय करशील. खरं सांगू? माहीत नाही. दुकान बंद असतं म्हणून मी शहाणा झालो, असं नाही. सोय नसते इतकंच. शनिवारी आणून ठेवावी इतकीही शिस्त माझ्यात नाही, हे माझं नशीब. रविवारी दुपारी पाय आपोआप कोपऱ्यापर्यंत जातात, शटर खाली दिसतं, शिव्या देतो आणि परत येतो. सोमवारी सकाळी उठतो तेव्हा हात थरथरत नाहीत. कागद चिमट्यात धरला की स्थिर राहतो. एवढं पुरे होतं मला. ते शटर खाली राहू दे, चिमे. माझ्यासारखे किती असतील तुझ्या त्या नऊ आणि सातात.

वहिनी आठ दिवस बोलत नव्हती. काल म्हणाली, "डबा उद्याही द्यायचा ना?"

दादा

*

२ सप्टेंबर

ती. दादास,

बैठक शुक्रवारी झाली. मी भिंतीकडच्या खुर्चीत होते, बोलायची परवानगी नव्हती. दुकानदारांच्या माणसाने तुझा अर्ज हातात घेतला आणि हसत म्हणाला, "म्हणजे या बाईंचे आकडे एका दारुड्याने दिलेत." दोघंतिघं हसले. मी परवानगीबिरवानगी बाजूला ठेवली आणि उभी राहिले. म्हटलं, "हो. आणि दुकान बंद झाल्यावर त्यानेच खरे आकडे दिले. हे तुम्ही ज्या दिवशी हसायचं थांबवाल त्या दिवशी नीट वाचा." साहेबांनी माझ्या बाहीला धरून बसवलं. अध्यक्षीणबाईंनी मात्र अर्ज परत मागून घेतला आणि पहिल्यापासून वाचला. मग त्या कारखान्याच्या प्रतिनिधीकडे वळल्या: "सोमवारी भट्ट्या पेटवताना काय करता हो तुम्ही?" तो पाणी प्यायला.

निकाल मात्र तोंडाला पानं पुसणारा लागला. "अधिक अभ्यास आवश्यक." तीन महिन्यांनी पुन्हा बैठक. तोवर सोमवारचे खरे आकडे हवेत म्हणे, आणि प्रयोगाची मुदत संपल्यामुळे दुकानं पूर्ववत. येत्या रविवारी, सात तारखेला, उघडतील.

मी घरी आले आणि चपला न काढता बसून राहिले. रविवारी तुझ्याकडे येऊ का? नको म्हणालास तरी विचारते. दाराशी बसेन, काही बोलणार नाही. मला भीती वाटते, दादा. दाखला लिहिताना मी सगळ्यांना धीराने विचारते, कारण काय. तुझ्या बाबतीत मला ते कधीही विचारावं लागू नये.

मोजणीबाई

*

८ सप्टेंबर, सोमवार

चि. मोजणीबाईस,

पत्र तुझं शनिवारी मिळालं. येऊ नको असं कळवायला उशीर झाला होता, आणि तू आली नाहीस ते बरंच झालं.

माझ्या चौकशीचं अजून चाललंय. तोवर काम मीच करायचं, पण रोजच्या कागदावर शाळेच्या शिपाईमामांची सही लागते. ते आठला जिन्याच्या वरच्या तोंडाशी स्टूल टाकून बसतात. गोड माणूस, पण बेरकी.

काल दुकान उघडं होतं. मी बाराला घरातून निघालो. वहिनीने कुठे ते विचारलं नाही. कोपऱ्यावरून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो. तुला पत्रातून खोटं सांगणं सोपं आहे, आणि मला सवयही आहे, म्हणून सरळ लिहितो: प्यालो. पूर्वीपेक्षा कमी, पण प्यालो.

आज डोळे उघडले तेव्हा आठ वाजून गेले होते. उशाशी डबा भरून ठेवलेला होता. पडून राहिलो. उद्या एकदम काढू, हा विचार आला, शब्दही तेच होते. मग उठलो. त्र्याहत्तर पायऱ्या चढताना तीनदा बसलो. शिपाईमामा स्टुलावर तसेच होते. म्हणाले, "मी म्हटलं थांबावं थोडं." चिमटा धरवेना, तेव्हा त्यांनी माझं मनगट खालून धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून कागद बदलला. भट्ट्या नुकत्याच पेटल्या होत्या. धूर इस्पितळाच्या दोऱ्यांवरून आपल्या गल्लीकडे येत होता, घड्याळजींच्या दुकानाकडे. दोन वर्षं मी तो पाहिलाच नव्हता.

पंप चालू आहे. सोमवारचा कागद उद्या निघेल. शंभरच्या वर जाणार हे मला आत्ताच दिसतंय, आणि आता चौकशीमुळे कचेरी रोजचा आकडा वाचते, तेव्हा या वेळी नोटीस जाईल.

खाली आल्यावर वही उघडली. शेऱ्याचा रकाना तू म्हणालीस तसा कोराच होता. त्यात लिहिलं: "एक तास उशीर. कारण, काल प्यालो." खाली माझी सही, तिच्याखाली शिपाईमामांची.

हा सोमवार वगळू नकोस. तुझ्या तक्त्यात धर.

दादा